रविवारांचा हिशेब

घरात दोन शाळकरी मुले आणि नवरा-बायको दोघांच्याही पूर्ण वेळेच्या नोकऱ्या असताना मॅरेथॉनची तयारी करायची, तर पायांच्या आधी वेळेचा विचार करावा लागतो आणि तो वेळ नेमका कुणाकडून घ्यायचा हे ठरवावे लागते. ऑफिसचा वेळ घेता येत नाही, झोपेचा घेतला तर शरीर आठवड्याभरात त्याची वसुली करते, आणि स्वतःचा असा मोकळा वेळ मुले झाल्यापासून कुठल्याच वेळापत्रकात सापडत नाही. उरतो तो घराचा वेळ. बेचाळीस किलोमीटरची तयारी साधारणपणे सोळा ते वीस आठवड्यांची असते. आठवड्यातून चार दिवस धावायचे आणि त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा, ज्याला सगळे धावणारे ‘लाँग रन’ म्हणतात. बहुतेकांचा हा लाँग रन रविवारी पहाटे असतो, कारण दुसरा दिवसच नसतो. तो तीन तास चालला की पुढचे दोन तास आंघोळ, खाणे आणि आडवे होणे यांत जातात, आणि त्यानंतर जी बाई घरात वावरते ती अंगाने हजर असली तरी मनाने अजून रस्त्यावरच असते. म्हणजे रविवार संपतो, आणि तो एकट्या माझा नव्हता, चौघांचा होता.

देणगीचा हेतू कामाला येतो तो इथे. केवळ हौसेसाठी दर रविवारी सकाळी गायब होणाऱ्या आईला घरातले आणि बाहेरचे लोक चार प्रश्न विचारू शकतात. तीच आई आजारी मुलांच्या उपचारांसाठी निधी गोळा करायला धावते आहे असे कळले, की प्रश्न विचारणाराच ओशाळतो. ही परवानगी फार सोयीची आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने पाहावे असे माझे मत झाले आहे. धावण्याचे श्रेय धावणारीला मिळते, देणगीचे देणाऱ्याला मिळते, संस्थेचे आभारपत्र दोघांनाही येते. पण ज्याने रविवारी सकाळी मुलांना उठवले, त्यांची भांडणे सोडवली, गृहपाठाच्या वह्या शोधल्या आणि वाढदिवसाच्या समारंभाला त्यांना एकट्याने नेले, त्याचे नाव देणगीदारांच्या कुठल्याच यादीत येत नाही. मॅरेथॉन धावून निधी उभारणाऱ्या पालकांबद्दल जे कौतुकाने लिहिले जाते त्यात ही बाजू मला सहसा दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नाव नोंदवण्याआधी आम्ही दोघे बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. आठवड्यातल्या इतर दिवशीचे धावणे मुले उठायच्या आत आटोपायचे. रविवारी परत आल्यावर अंग कितीही आंबलेले असले तरी दुपारपासून संध्याकाळपर्यंत मुलांची जबाबदारी माझी, आणि तो वेळ त्याचा, त्याने काय करायचे ते विचारायचे नाही. तिसरी अट त्याने घातली आणि तीच सर्वांत महत्त्वाची निघाली: घरातल्या कुठल्याही वादात आजारी मुलांचे नाव घ्यायचे नाही. तेव्हा मला ही अट थोडी लागली. ती किती शहाणपणाची होती हे पुढे एका संध्याकाळी कळले. भांडी कुणी लावायची यावरून शब्दाला शब्द लागला होता आणि ‘मी कुणासाठी धावते आहे हे तुला माहीत आहे ना’ हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आले होते. अट आठवली, आणि भांडी मी लावली.

मॅरेथॉनच्या तयारीची जी वेळापत्रके मिळतात ती बहुधा मुले नसलेल्या माणसांनी, मुले नसलेल्या माणसांसाठी केलेली असावीत. त्यांत मंगळवारी वेगाची धाव असते, गुरुवारी चढाची असते, पण बुधवारी रात्री धाकट्याला एकशे दोन ताप असतो हे कुठल्याच रकान्यात नसते. आमच्या घरात पहाट ही चोरपावलांनी साधायची गोष्ट आहे. कपडे रात्रीच बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवर टांगलेले, बूट बाहेरच्या दारापाशी, आणि नाड्या बांधायच्या त्या बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून. फोन दंडाला बांधायचा पट्टा तर मी घराच्या आत उघडतच नाही, कारण त्याच्या वेल्क्रोचा तो फाटल्यासारखा आवाज धाकट्याला दोन दारांपलीकडून ऐकू येतो. गजर, दारावरची घंटा आणि बहिणीची आरडाओरड यांपैकी कशानेही न उठणारा मुलगा त्या एका आवाजाने टक्क जागा होतो. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असला की रस्ता बंद. तेव्हा मी इमारतीच्या जिन्यावर दोन मजले वर आणि दोन मजले खाली अशा फेऱ्या मारायचे, दर फेरीला आमच्या दारासमोरून. शेजाऱ्यांना हे चमत्कारिक वाटले असेल, पण ते वाया गेले नाही. जिना उतरताना मांडीचे स्नायू लांबत असताना ताण घेतात, आणि मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात जी मांडी ठणकते ती याच प्रकारच्या ताणाने. त्याची आधी सवय झालेली असली तर नुकसान कमी होते.

चुकलेल्या दिवसांची भीती मात्र अनाठायी असते, आणि हे मला कुणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवे होते. हृदयाची आणि फुप्फुसांची कमावलेली क्षमता आठ-दहा दिवसांच्या खंडाने फारशी ढळत नाही. त्यापुढे हळूहळू उतरू लागते. खरे नुकसान होते ते चुकलेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढायच्या हट्टाने. दम वाढायला काही आठवडे पुरतात, पण हाडे आणि स्नायूबंध यांना तेवढाच ताण पेलायला कितीतरी अधिक काळ लागतो, आणि या दोन वेगांमधल्या तफावतीतच नडगीची दुखणी आणि हाडाला जाणारे बारीक तडे जन्माला येतात. ज्याच्याकडे वेळ कमी असतो त्याला प्रत्येक धाव वसूल करावीशी वाटते. चाळीस मिनिटे मिळाली आहेत तर ती पिळून काढावीत, असा त्याचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा असतो. लांब पल्ल्याच्या तयारीतले बहुतांश धावणे इतके संथ असावे लागते की शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्यांत बोलता यावे. त्या संथपणातच स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधली ऊर्जाकेंद्रे वाढतात आणि शरीर साठवलेली चरबी इंधन म्हणून अधिक सफाईने वापरायला शिकते. दुरुस्तीचे काम झोपेत होते, गाढ झोपेत सर्वाधिक. म्हणून ज्या रात्री मुलाने चार वेळा उठवले त्या रात्री पाचचा गजर बंद करून झोपून राहणे हा आळस नसून सरावाचाच भाग आहे, हे मी शरीरशास्त्राच्या आधाराने स्वतःला पटवून दिले. फार कठीण गेले नाही.

एका ओळखीच्या बाईंनी विचारले, “आणि मुलांकडे कोण बघतं?” आमच्याच गटात धावणारा, दोन मुलांचा बाप असलेला एक गृहस्थ आहे. त्याला भेटणारा प्रत्येकजण विचारतो, “टायमिंग काय आलं?” यावर मी फार बोलणार नाही. १९६७ साली बॉस्टनच्या शर्यतीत कॅथरिन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला होता. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली, आणि ती जोन बेनॉइटने जिंकली. पॉला रॅडक्लिफने २००७च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली तेव्हा तिची मुलगी दहा महिन्यांचीही झालेली नव्हती. धावायला मज्जाव करणारे हात गेले. विचारणारी तोंडे अजून आहेत, आणि ती बहुतेक वेळा आपल्या काळजीपोटीच विचारत असतात, ही त्यातली खरी अडचण.

आता निधीविषयी. मी ज्या संस्थेसाठी धावले ती कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना रुग्णालयाजवळ राहायची सोय करून देते. नाव सांगत नाही, कारण ही तिची जाहिरात नाही. औषधे सोडून निवाऱ्यासाठी पैसे कशाला, असा प्रश्न मलाही अनेकांनी विचारला, आणि त्याचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०१८ साली संघटनेने या विषयात जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० सालापर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. या दरीची कारणे अनेक आहेत: निदान उशिरा होते, चुकते, औषधे मिळत नाहीत. पण त्यातले एक कारण असे आहे की उपचार सुरू होतात आणि अर्धवट सुटतात. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. एवढा काळ घरापासून दूर राहायचे, एकाने कमाई सोडायची, दुसऱ्या मुलाला नातेवाइकांकडे ठेवायचे, यात कुटुंब मोडून पडते आणि एके दिवशी कुणालाही न सांगता परत निघून जाते.

त्यात तापाची गोष्ट वेगळीच आहे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे अशी वैद्यकीय अपेक्षा असते, कारण साधा वाटणारा संसर्ग काही तासांत जिवावर उठू शकतो. राहायची जागा रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे याचा अर्थ तिथे कळतो. माझ्या घरी मुलाला ताप आला म्हणजे माझी एक धाव चुकत होती. तेवढाच ताप तिथल्या एखाद्या आईला मध्यरात्री मूल खांद्यावर टाकून रस्त्यावर आणत होता.

मागणे मला धावण्यापेक्षा जड गेले. पहाटे उठायचा कंटाळा येतो, पण लाज वाटत नाही. पैसे मागताना लाज वाटते. कुणाकडे शब्द टाकायचा, तो पडला तर पुढच्या वेळी समोरासमोर कसे यायचे, ज्याची परिस्थिती नेमकी माहीत नाही त्याला भिडेत पाडायचे का, असे नाना विचार. मी पहिला मजकूर लिहिला आणि तो कितीतरी दिवस तसाच ठेवला. नंतर वाचनात आले की ही भीती मोजली गेलेली आहे. फ्रँक फ्लिन आणि व्हॅनेसा लेक या दोन संशोधकांनी २००८ साली दाखवले की मदत मागणारी माणसे ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या पद्धतशीरपणे कमी धरतात. नकार देताना समोरच्याला किती अवघडल्यासारखे होते हे मागणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. त्यांच्या अभ्यासातला एक गट रक्ताच्या कर्करोगासाठी मॅरेथॉनसारख्या स्पर्धांतून निधी उभारणाऱ्या स्वयंसेवकांचाच होता. त्यांनाही आधी अंदाज केला होता त्यापेक्षा बऱ्याच कमी लोकांकडे जावे लागले. वाचून धीर आला खरा, पण एक अस्वस्थताही आली: लोक ‘हो’ म्हणतात त्यात ‘नाही’ म्हणणे अवघड असते हाही भाग असेल, तर मी मागते आहे की अडचणीत टाकते आहे? म्हणून मी एक पथ्य पाळले. समोरासमोर कुणालाच विचारले नाही, आणि लिहून कळवले तेव्हा उत्तराची अपेक्षा नाही हेही लिहिले. यामुळे निधी थोडा कमी जमला असेल. असू दे.

पहिल्यांदा मी माझ्या सर्वांत सढळ मैत्रिणीकडे गेले, आणि यामागे हिशेब होता. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंना मिळालेल्या देणग्यांचा ब्रिटनमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की आधीच्या देणग्या मोठ्या असतील तर नंतर येणारा माणूस आपला आकडा वर नेतो, आणि लहान असतील तर खाली आणतो. माझ्या यादीतही हेच घडले. मैत्रिणीच्या आकड्याखाली ऑफिसमधल्या चार जणांचे आकडे एकमेकांची नक्कल केल्यासारखे ओळीने आले. मग कुणीतरी बरीच लहान रक्कम दिली, आणि तिच्यानंतर आलेल्यांना हायसे वाटले असावे, कारण पुढच्या देणग्या एकदम सुटसुटीत झाल्या. त्या लहान रकमेच्या माणसाचे माझ्या मनात फार मोठे स्थान आहे. त्याच्यामुळे अनेकांना देता आले.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मात्र स्पष्ट सांगितले, “संस्थेला मी थेट पैसे देईन. तुमच्या शर्यतीचा खर्च माझ्या देणगीतून का निघावा?” प्रश्न रास्त होता. मोठ्या मॅरेथॉनमध्ये संस्था काही जागा विकत घेतात, त्या धावणाऱ्यांना देतात आणि बदल्यात ठरावीक किमान निधी उभारायची हमी घेतात. जागेची किंमत वजा झाल्यावर जे उरते ते खरे संस्थेचे. मी नोंदणीची रक्कम स्वतः भरली आणि तसे सर्वांना कळवले. त्याने संस्थेला थेट पैसे पाठवले का, हे मी विचारले नाही.

याच दिवसांत थोरली एकदा देणग्यांच्या यादीपाशी वही घेऊन बसली. तिला आकड्यांची आवड आहे. एकूण रकमेला बेचाळीसने भागून एका किलोमीटरला किती पडतात ते तिने काढले, मग ‘पॉइंट एकशे पंच्याण्णव’ राहिले म्हणून पुन्हा काढले, आणि मग मान वर करून म्हणाली, “तू नाही पळालीस तर हे लोक पैसे देणार नाहीत?”

“बहुतेक नाही देणार.”

“का? ती मुलं तर तरीही आजारी असतील ना?”

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स नावाचा मुलगा, ज्याचा उजवा पाय कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापलेला होता, कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, असे १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर तो धावला, आणि कर्करोग फुप्फुसांत पसरला तेव्हा थांबला. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर मिळावा ही त्याची इच्छा होती. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले, जेवढी त्या देशाची लोकसंख्या होती. जूनमध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी. कर्करोगाच्या संशोधनाला पैशाची गरज त्याच्या आधीही तेवढीच होती. लोकांना ती त्याच्या त्या एका लंगडत्या पावलातून दिसली. ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शाफिर यांनी २०१३ साली प्रयोगांतून हेच मांडले, की निधी उभारणाऱ्याला कष्ट आणि वेदना होणार असतील तर लोक सहलीसारख्या सुखाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त द्यायला तयार होतात, आणि हा परिणाम माणसांच्या दुःखाशी जोडलेल्या कामात अधिक दिसतो. मी धावायच्या ऐवजी तेवढेच तास जास्तीचे काम करून ते पैसे संस्थेला दिले असते तर हिशेबाने कदाचित तेही फायद्याचे ठरले असते. पण मग इतर कुणी काही दिले नसते, आणि खरे सांगायचे तर मीही ते जास्तीचे तास भरले नसते. चारचौघांना शब्द दिला होता म्हणून मी पावसातही बाहेर पडले.

मुलीला यातले मी एवढेच सांगितले, की आपल्याआधी कुणीतरी काहीतरी सोडले आहे असे दिसले की लोकांना द्यावेसे वाटते. तिने क्षणभर विचार केला. “पण रविवार तर आम्ही पण सोडलेत.”

देणगीदारांना पुढचे पत्र गेले त्यात मी तो मजकूर घातला, घरातल्या तिघांच्या नावांसह: या धावण्याचे तास यांच्या रविवारांतून आले आहेत. हे करायला हवे ते मला माझे सुचले नाही. १९८८ साली न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ३८ जणांचा एक गट रक्ताच्या कर्करोगासाठी धावला होता. तो उभा केला ब्रूस क्लेलँड या बापाने, ज्याच्या लहान मुलीला तोच आजार झालेला होता. त्या गटाने ३ लाख २२ हजार डॉलर गोळा केले आणि त्यातूनच ‘टीम इन ट्रेनिंग’ हा उपक्रम उभा राहिला, ज्याच्या स्वयंसेवकांवर तो मदत मागण्याचा अभ्यास पुढे झाला. ही हकिगत मी अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी मला त्या माणसाच्या सरावाच्या सकाळी डोळ्यांसमोर येतात. तो रस्त्यावर होता तेव्हा त्या मुलीजवळ कुणीतरी बसले असणारच.

शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत न्यायचे असते. याला ‘टेपर’ म्हणतात. स्नायूंची डागडुजी पूर्ण होते, साखरेचा साठा भरतो, आणि माणूस चिडका होतो. अचानक हातात आलेल्या सकाळींचे काय करावे हे मला सुचेना, आणि माझ्याशिवाय रविवारची घडी व्यवस्थित बसवलेल्या तिघांना माझे काय करावे हे सुचेना. मुलांनी मला दोनदा विचारले की आज जायचे नाही का.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. तीसच्या पुढे कुठेतरी शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो, चरबी जळत असते पण तिच्यातून ऊर्जा हव्या त्या वेगाने मिळत नाही, आणि पाय आपले राहत नाहीत. धावणारे याला भिंत म्हणतात. मला ती बत्तिसाव्या किलोमीटरला लागली. पुढे बराच वेळ मी चालले, धावले, पुन्हा चालले. अडतिसाव्याच्या आसपास एका वळणावर घरचे उभे राहणार असे ठरले होते, आणि मी सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा पोहोचले. धाकटा शिट्टी वाजवण्यात इतका गुंग होता की मी समोरून गेले ते त्याला कळलेच नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहणारे भले लोक सगळ्यांना ‘आता थोडंच राहिलंय’ असे सांगत असतात, जे कधीच खरे नसते. आमच्या थोरलीने कठड्यावर ओणवे होऊन ओरडून सांगितले, “अजून चार पॉइंट एक!” चाळिसानंतरचे ते दोन किलोमीटर आणि वरचे १९५ मीटर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आहेत, जेव्हा सुरुवात विंडसरच्या किल्ल्याच्या आवारातून आणि शेवट राजघराण्याच्या आसनांसमोर ठेवला गेला, १९२१ साली तेच अंतर कायम झाले. राजघराण्यातल्या मुलांना खिडकीतून सुरुवात बघता यावी म्हणून आवारातली जागा निवडली, अशी एक कथा सांगतात. खरी असेल तर जगभरातले धावणारे आजवर दुसऱ्यांच्या मुलांच्या सोयीसाठी जास्तीचे अंतर तोडत आले आहेत.

संस्थेचे पत्र महिन्याभराने आले. त्यांनी रकमेचा हिशेब पैशांत न देता रात्रींत दिला होता: एवढ्या पैशांत एका कुटुंबाच्या इतक्या रात्रींची सोय झाली. थोरलीने लगेच त्या रात्रींना आमच्या रविवारांनी भागले. उत्तर अपूर्णांकात आले, जे तिला आवडले नाही, पण आकडा बरा आहे असे तिचे मत पडले.

तिचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नव्हता. म्हणून पुढच्या वर्षी मी त्याच यादीला पत्र लिहिले, तेच काम, तीच संस्था, आणि स्वच्छ लिहिले की यंदा मी धावणार नाही. निम्म्याहून कमी लोकांनी दिले. दिले त्यांनीही बहुतेकांनी आदल्या वर्षापेक्षा कमी दिले. काहींनी कळकळीने विचारले की पायाला काही झाले आहे का. सढळ मैत्रीण आणि ती लहान रक्कम देणारा माणूस या दोघांचे आकडे मात्र जसेच्या तसे आले. मुलीने दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाली, “म्हणजे तुला पळावंच लागणार.”

पण रविवार आता मोकळे नाहीत. नवऱ्याने ते घेतले आहेत. तो पहाटे दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो आणि दुपारी परततो. हे कशासाठी असे मी त्याला विचारत नाही आणि तो सांगत नाही. कुणाच्याही उपचारांना त्याने काही हातभार लागत नाही, त्याला आवडते एवढेच त्याचे कारण आहे, आणि दोघांनी मिळून ठरवलेल्या अटींत ते पूर्ण बसते. शनिवारी सकाळी थोरलीचा बुद्धिबळाचा वर्ग असतो. तिने परवा वर्गाच्या सरांना स्वतःच विचारले की दुपारच्या तुकडीत जागा आहे का. ते पुढच्या आठवड्यात सांगणार आहेत.